गल्ल्यावर बसलेला तपासनीस

पालकसभेत, सोसायटीच्या बैठकीत, कुणाच्या साखरपुड्याच्या पंगतीत विषय निघाला की हा प्रश्न हमखास येतो: "महाराष्ट्रात दारू प्यायला पंचवीस वर्षं पूर्ण लागतात म्हणे. मग बारावीतल्या पोराला बाटली मिळतेच कशी?"

उत्तरंही ठरलेली असतात. एक म्हणतो, "हप्ते चालतात हो सगळीकडे." दुसरा म्हणतो, "हल्लीची मुलं कुणाचं ऐकतात?" पहिल्या उत्तरात तथ्य असलं तरी ते अर्धवट आहे. दुसरं तर निरुपयोगीच, कारण मुलानं ऐकावं म्हणून हा कायदा केलेला नाही. तो विकणाऱ्यासाठी आहे. कायदा पाळला जातो की मोडला जातो, हे काउंटरवरच्या दहा-वीस सेकंदांत ठरतं, आणि तिथे वय तपासणारा माणूस तोच असतो ज्याच्या गल्ल्यात त्या विक्रीचे पैसे पडणार असतात. या प्रकरणातली बाकीची गुंतागुंत इथूनच सुरू होते.

१. वयं तीन, कायदे दोन

आपल्या राज्यघटनेनं दारू हा विषय राज्यांकडे सोपवला आहे. त्यामुळे 'भारतात दारू पिण्याचं वय' असं काही नसतं. उत्तर प्रदेशात ते २१ आहे, केरळात २३, दिल्लीत २५. गुजरात आणि बिहारमध्ये दारूबंदीच आहे.

महाराष्ट्रातला मूळ कायदा १९४९चा, मुंबई दारूबंदी अधिनियम. आता त्याच्या नावात मुंबईच्या जागी महाराष्ट्र आलं आहे, पण दारूबंदी हा शब्द कायम आहे. हा कायदा आधी सगळ्यालाच बंदी घालतो आणि मग परवाना असेल त्याला तेवढी मोकळीक देतो. या मोकळिकीत वयाच्या दोन पायऱ्या आहेत. बियर आणि वाईनसाठी २१ वर्षं पूर्ण हवीत, तर व्हिस्की, रम, व्होडका आणि देशी दारूसाठी २५.

तिसरं वय येतं ते केंद्राच्या २०१५च्या बाल न्याय कायद्यातून. त्यात १८ वर्षांखालची प्रत्येक व्यक्ती बालक आहे. कलम ७७ सांगतं की डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय बालकाला दारू देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. या कलमात 'विकणारा' असा शब्द नाही, 'देणारा' असा आहे. म्हणजे दुकानदार किंवा वेटर यात सापडतोच, पण हळदीच्या रात्री पुतण्याच्या हातात ग्लास देणारे काकाही सापडू शकतात.

एक उदाहरण घेऊ. परमिट रूमच्या एका टेबलावर तिघे बसले आहेत. एक १७ वर्षांचा, दुसरा २० आणि तिसरा २३ वर्षांचा. त्यांनी दोन बियर आणि व्हिस्कीची एक क्वार्टर मागवली. २३ वर्षांच्याला बियर देता येईल, पण व्हिस्की नाही. २० वर्षांच्याला दोन्ही देता येणार नाही. १७ वर्षांच्याला दिली, तर दारूबंदी कायद्याच्या जोडीला बाल न्याय कायदाही लागला. आणि टेबलाजवळ उभा असलेला वेटर बहुधा परगावाहून आलेला, टिपवर घर चालवणारा, स्वतःच विशी-बाविशीतला. तिघांचं वय ओळखून प्रत्येकाच्या ग्लासावर नजर ठेवायची ती त्यानं.

२. कल्याणीनगर आणि वरळी

१९ मे २०२४च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरला १७ वर्षांच्या मुलाच्या पोर्शे गाडीखाली दोन तरुण अभियंते मारले गेले. जामिनाची अट म्हणून त्या मुलाला लिहायला सांगितलेल्या तीनशे शब्दांच्या निबंधावर देशभर गदारोळ झाला. आपला विषय मात्र त्या रात्रीच्या आधीच्या काही तासांचा आहे. पोलिसांच्या म्हणण्यानुसार हा मुलगा आणि त्याचे मित्र त्या रात्री दारू प्यायला दोन ठिकाणी गेले होते. एका ठिकाणचं बिल ४८ हजार रुपयांचं होतं, असं पुण्याच्या पोलीस आयुक्तांनी तेव्हा सांगितलं. त्या दोन ठिकाणांचे मालक-व्यवस्थापक बाल न्याय कायद्याखाली अटकेत गेले आणि दोन्हींना सील लागलं.

त्यानंतर दोन महिनेही झाले नव्हते. ७ जुलैला मुंबईत वरळीला बीएमडब्ल्यूनं एका स्कूटरला धडक दिली आणि नवऱ्यासोबत निघालेली एक महिला ठार झाली. इथला आरोपी सज्ञान होता, पण पंचवीस वर्षांचा झालेला नव्हता. राज्य उत्पादन शुल्क विभागाच्या तपासात आढळलं की जुहूच्या एका बारमध्ये त्याला तीव्र मद्य दिलं गेलं होतं. त्या बारलाही सील लागलं.

पुण्यातल्या मुलाला तेवीस वर्षांच्या माणसाला द्यावी तशी दारू दिली गेली, यावर सगळे संतापले आणि ते योग्यच होतं. पण तेवीस वर्षांच्यालाही ती देता येत नाही, हे वरळीची घटना घडेपर्यंत कितीजणांना ठाऊक होतं? मला वाटतं, आपल्याकडची खरी गोम इथे आहे. ब्रिटनमध्ये विक्रीचं वय १८ आहे, पण तिथल्या बहुतेक दुकानांनी स्वतःला 'चॅलेंज २५' नावाची शिस्त लावून घेतली आहे. गिऱ्हाईक पंचविशीच्या आतलं दिसलं की ओळखपत्र मागायचं. माणसाच्या चेहऱ्यावरून वय नेमकं कळत नाही, म्हणून खरी रेषा आणि विचारण्याची रेषा यांच्यात सात वर्षांचं अंतर ठेवलं. आपण उलट केलं. कायद्याची रेषाच २५वर नेली आणि काउंटरवर कुणी विचारतच नाही. तेवीस वर्षांच्या नोकरदाराला रोज क्वार्टर देणाऱ्याला नियम मोडायची सवय झालेली असते. मग शर्ट इन केलेला, दाढी राखलेला सतरा वर्षांचा मुलगा समोर आला, तरी ती सवय तशीच चालू राहते.

३. तपासणीचं हत्यार सत्तर वर्षांपूर्वीच दिलं होतं

गंमत म्हणजे वय तपासण्याची सोय या कायद्यात पहिल्यापासून आहे. दारू पिणाऱ्याकडे, विकत घेणाऱ्याकडे, जवळ बाळगणाऱ्याकडे परवाना हवा. एका दिवसाचा पाच रुपयांना (देशीसाठी दोन), वर्षाचा शंभर रुपयांना, आजीवन हजार रुपयांना. तोही 'आरोग्य रक्षणासाठी' म्हणून मिळतो. हा शब्दप्रयोग वाचून हसू येतं, पण व्यवस्था म्हणून पाहिली तर ती चोख आहे: परवाना वय पाहूनच द्यायचा आणि दुकानदारानं परवाना पाहूनच बाटली द्यायची.

प्रत्यक्षात काय होतं, ते वाईन शॉपच्या रांगेत उभं राहिलेल्या कुणालाही ठाऊक आहे. परवाना कुणी मागत नाही. एक दिवसाच्या परवान्यांची पुस्तकं दुकानातच असतात आणि अनेक ठिकाणी ती विक्रीचा हिशेब जुळवण्यासाठी मागाहून भरली जातात. जो कागद गिऱ्हाइकाचं वय पाहण्यासाठी होता, तो आता हिशेबाच्या वहीतलं एक पान झाला आहे.

यावर उपाय म्हणून परवानाच रद्द करा, असं अधूनमधून सुचवलं जातं. माझं मत वेगळं आहे. खरेदीच्या वेळी वय सिद्ध करण्याची जबाबदारी गिऱ्हाइकावर टाकणारी दुसरी तरतूद आपल्याकडे नाही. आहे ती काढून टाकण्याऐवजी ती कार्डावर किंवा मोबाइलवर आणणं जास्त शहाणपणाचं होईल.

४. पाच दिवसांची वजाबाकी

समजा विक्रेत्यानं ओळखपत्र मागितलं. आता चूक होणार नाही? होते. तारीख आहे १५ जानेवारी २०२६. बियर शॉपीत आलेल्या मुलीच्या कार्डावर जन्मतारीख आहे २० जानेवारी २००५. गर्दीत विक्रेता मनात २०२६ वजा २००५ करतो, उत्तर २१ येतं आणि बाटली जाते. प्रत्यक्षात ती अजून वीस वर्षांची आहे, एकवीस पूर्ण व्हायला पाच दिवस आहेत.

यावर उपाय फार सोपा आहे. विक्रेत्याला वजाबाकी करायलाच लावायची नाही. दुकान उघडताना पाटीवर दोन तारखा लिहायच्या: 'बियर-वाईन: १५ जानेवारी २००५ किंवा आधी जन्मलेल्यांना. इतर मद्य: १५ जानेवारी २००१ किंवा आधी.' मग कार्ड आणि पाटी शेजारी धरून पाहिलं की झालं. अमेरिकेतल्या दुकानांत अशी पाटी सर्रास दिसते.

कुठलं कार्ड पाहायचं, हाही प्रश्न आहे. अनेक जुन्या आधार कार्डांवर फक्त जन्मवर्ष छापलेलं आहे, आणि आधार हा जन्मतारखेचा पुरावा नाही असं सर्वोच्च न्यायालयानंही २०२४मध्ये स्पष्ट केलं. वाहन चालवण्याच्या परवान्यावर पूर्ण तारीख असते. मोबाइलच्या गॅलरीतला कार्डाचा फोटो पाहून मान हलवणं मात्र फसवून घेणं आहे. तो फोटो एखाद्या ॲपमध्ये पाच मिनिटांत बदलता येतो. डिजिलॉकर उघडून त्यातली प्रत दाखवायला सांगावं, हे उत्तम.

५. पुरावा किती वेळ टिकतो?

विक्री झाली. ती बेकायदेशीर होती, हे नंतर सिद्ध कसं करायचं?

बहुतेकांच्या मनात पहिला येतो तो रक्ताचा नमुना. पण रक्तातली दारू दर तासाला साधारण १५ मिलिग्रॅम या वेगानं उतरते (शंभर मिलिलिटर रक्तामागे). रात्री अडीचला हे प्रमाण ९० असेल, म्हणजे वाहन चालवण्याच्या ३० या कायदेशीर मर्यादेच्या तिप्पट, तर सकाळी साडेसहाला ते मर्यादेवर आणि साडेआठपर्यंत जवळपास शून्यावर येतं. वरळीच्या आरोपीला दोन दिवसांनी अटक झाली, तोवर रक्तात सापडण्यासारखं काही उरलंच नव्हतं. पुण्यात तर नमुनाच बदलल्याच्या आरोपावरून ससून रुग्णालयातल्या डॉक्टरांना अटक झाली.

आपल्या प्रश्नाच्या दृष्टीनं रक्त तसंही अपुरं आहे. मुलगा प्यायला होता हे ते सांगतं, त्याला कुणी दिली हे सांगत नाही. बिलावरून काय विकलं ते कळतं, कुणाला विकलं ते कळत नाही. सीसीटीव्हीत कोण बसलं होतं ते दिसतं, ग्लासात काय होतं ते दिसेलच असं नाही. या तीन गोष्टी वेळा जुळवून एकमेकींना जोडाव्या लागतात, तेव्हा कुठे खटला उभा राहतो. त्यातही चित्रीकरण काही दिवसांनी आपोआप पुसलं जातं आणि त्यावर नवं साठत जातं. म्हणून आठवडा उलटल्यावर केलेल्या पंचनाम्यात सहसा टेबल-खुर्च्यांशिवाय फारसं हाती लागत नाही. वरळी प्रकरणात रक्त गेलं तरी बारवर कारवाई झाली, कारण विक्रीचा माग तिथे शिल्लक होता.

६. दंड वाढवला की भागतं का?

प्रत्येक अपघातानंतर मागणी होते: दंड वाढवा, शिक्षा कडक करा. एक हिशेब मांडून पाहू. आकडे कल्पित आहेत, गणित समजण्यापुरते.

समजा एका दुकानात रोज ३० बाटल्या वयात न बसणाऱ्यांना जातात आणि बाटलीमागे ५० रुपये सुटतात. दिवसाला १,५०० रुपये, महिन्याला ४५ हजार. तीन वर्षांत १६ लाख २० हजार. या तीन वर्षांत तपासणी एकदा झाली आणि ५० हजारांचा दंड बसला, तर दुकानदार तो भाड्यासारखा भरेल आणि विसरेल. दंड दुप्पट केला, एक लाख केला, तरी फरक पडत नाही. आता दंड न वाढवता वर्षातून चार वेळा तपासणी करा आणि प्रत्येक वेळी सापडल्यावर १५ दिवस परवाना निलंबित ठेवा. दुकानाची एकूण कमाई रोज दहा हजार धरली, तर एका खेपेला दीड लाख बुडतात आणि वर्षाला सहा लाख. चोरट्या विक्रीतून वर्षाला मिळणार होते ५ लाख ४० हजार. चोरटी विक्री आता तोट्याची ठरली.

एसटीत तिकीट तपासनीस कुठल्या थांब्यावर चढेल हे कुणाला माहीत नसतं, म्हणून तो रोज चढला नाही तरी लोक तिकीट काढतात. दंडाच्या रकमेपेक्षा तो चढेल ही खात्री जास्त काम करते. दारूच्या दुकानांच्या बाबतीत हीच खात्री गायब आहे.

आणि निलंबनाची भीती आपल्याकडे इतरांहून जास्त असायला हवी. राज्यात १९७०च्या दशकाच्या सुरुवातीपासून वाईन शॉपचे नवे परवाने जवळजवळ बंद आहेत. त्यामुळे जुना परवाना हातात असणं ही मोठी मालमत्ता आहे आणि तो हस्तांतरित होताना कोट्यवधींचे व्यवहार होतात. ज्याच्याकडे गमावण्यासारखं इतकं आहे त्याला वठणीवर आणणं सोपं असायला हवं. सोपं का नाही? एक कारण उघड आहे. परवाने देणारा, तपासणारा आणि महसूल गोळा करणारा विभाग एकच. वर्षाला २० हजार कोटी रुपयांहून अधिक महसूल या खात्यातून येतो. निरीक्षकाचं काम कशावरून मोजलं जातं? महसुलाचं उद्दिष्ट आणि अवैध दारूवरच्या धाडी, यावरून. परवानाधारक दुकानात किती जणांचं वय विचारलं गेलं, हे मोजतंय कोण?

७. बनावट गिऱ्हाईक

मटका, हातभट्टी अशा धाडींच्या बातम्यांत एक वाक्य नेहमी असतं: 'पोलिसांनी बनावट गिऱ्हाईक पाठवून खात्री केली.' वयाच्या नियमासाठी हाच मार्ग काही देशांनी पद्धतशीरपणे वापरला आहे.

कॅलिफोर्नियात पोलीस वीस वर्षांखालच्या तरुणाला दुकानात पाठवतात. तिथे विक्रीचं वय २१ आहे. नियम कडक आहेत. तो वयानं लहानच दिसला पाहिजे. त्यानं स्वतःचंच खरं ओळखपत्र न्यायचं किंवा काहीच न्यायचं नाही. वय विचारलं तर खरं सांगायचं. विक्री झालीच, तर विकणाऱ्याला समोरासमोर ओळखून दाखवायचं. ही फसवणूक आहे असं म्हणत दुकानदार न्यायालयात गेले, पण १९९४मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं ही पद्धत वैध ठरवली. इंग्लंड आणि वेल्समध्येही अशी चाचणी-खरेदी चालते आणि त्यासाठी पाठवलेल्या मुलाला कायद्यानंच सूट दिली आहे. एकाच जागी तीन महिन्यांत दोनदा अल्पवयीनांना विक्री झाली की तो वेगळा, अधिक गंभीर गुन्हा ठरतो.

आपल्याकडे १७ वर्षांच्या मुलाला असं पाठवणं योग्य नाही. दारूच्या व्यवहारात बालकाचा वापर करणं हा बाल न्याय कायद्यातच गुन्हा आहे. पण इथे पंचविशीची उंच मर्यादा उपयोगी पडू शकते. १८ ते २४ वयाचा माणूस सज्ञान आहे आणि तरीही त्याला व्हिस्की विकता येत नाही. म्हणजे विभागातल्याच विशीतल्या नव्या जवानाला साध्या कपड्यांत काउंटरवर उभं करता येईल. मुलाला यात ओढायची गरजच नाही. अट एवढीच की अशा खरेदीला नियमात स्पष्ट सूट हवी. नाहीतर विनापरवाना दारू घेतल्याबद्दल त्या जवानावरच बोट ठेवलं जाईल.

८. आडवी बाटली

गावाच्या हातात काय आहे? एक जबरदस्त अधिकार आहे. गावातल्या किंवा प्रभागातल्या किमान २५ टक्के महिला मतदारांनी निवेदन दिलं, तर गुप्त मतदान घेता येतं. मतपत्रिकेवर एक बाटली उभी, एक आडवी. एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिकांनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला की दुकान बंद. शंभर टक्के मतदान क्वचितच होतं, त्यामुळे ही अट वाटते त्याहून अवघड आहे. तरीही अनेक गावांतल्या बायकांनी ती पार केली आहे.

पण हा अधिकार 'दुकान हवं की नको' एवढंच विचारतो. 'दुकान राहू दे, पण पोरांना विकू नको' असं सांगायची सोय त्यात नाही. आणि परवान्याचं दुकान गेलं की हातभट्टीवाला आणि पिशवीतून चपट्या विकणारा येतो. त्याच्याकडे जाण्यासारखा परवानाच नसतो, आणि वय विचारणं तर त्याच्या स्वप्नातही नसतं. चंद्रपूर जिल्ह्यात २०१५मध्ये दारूबंदी झाली आणि २०२१मध्ये उठली. ती उठवताना बेकायदा दारूचा सुळसुळाट हे प्रमुख कारण दिलं गेलं, त्यात लहान मुलं आणि बायका दारूच्या वाहतुकीत ओढली गेल्याचाही उल्लेख होता. अण्णा हजारे यांच्या मागणीवरून कायद्यात आलेली ग्रामरक्षक दलं अवैध दारूची खबर देण्यासाठी आहेत. हीच दलं परवानाधारक दुकानावर 'वय विचारतोस का?' एवढी एक नजर ठेवू शकतात. ग्रामसभेनं तसा ठराव करायला कुणाची हरकत नसावी.

९. तक्रार करायची तर

'अमुक दुकानात पोरांना दारू देतात, कारवाई व्हावी' अशा अर्जाचं काही होत नाही. निरीक्षक जातो, दुकानदार नाही म्हणतो, जबाब होतो, फाइल बंद होते. अर्जात वार, तारीख आणि वेळ हवी, दुकानाच्या पाटीवरचा परवाना क्रमांक हवा. मुलाकडे बिल किंवा यूपीआयनं पैसे दिल्याची नोंद असेल तर ती जोडावी. मुलाच्या वयाचा शाळेचा दाखला जोडावा. आणि सर्वांत महत्त्वाचं, त्या वेळेचं सीसीटीव्ही चित्रीकरण ताबडतोब ताब्यात घ्या, अशी लेखी मागणी त्यात असावी. अर्ज जिल्ह्याच्या उत्पादन शुल्क अधीक्षकांना द्यावा, प्रत जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी, आणि दोन्हीकडून पोच घ्यावी. मूल १८च्या आतलं असेल तर पोलीस ठाण्यातही जावं, कारण कलम ७७चा गुन्हा तिथेच नोंदवला जातो. बरेच पालक इथे अडतात. मुलाचं नाव बाहेर येईल अशी त्यांना भीती वाटते. पण बाल न्याय कायद्यानुसार अशा प्रकरणातल्या बालकाची ओळख उघड करायला मनाई आहे, आणि दारू देणाऱ्यावर गुन्हा दाखल झाला म्हणून मुलगा आरोपी होत नाही.